शब्द आणि सहाध्यायी

विद्या कशी मिळते याविषयींचें एक जुनें सुभाषित बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेलें असेल. विद्यार्थी विद्येचा एक चतुर्थांश आचार्यापासून घेतो, एक चतुर्थांश स्वतःच्या बुद्धीनें मिळवितो, एक चतुर्थांश त्याला सहाध्यायांकडून लाभतो आणि उरलेला काळ जाईल तसतसा हातीं येतो, असा त्याचा आशय आहे. हा हिशेब मांडणारा गणितांत कितपत काटेकोर होता हा प्रश्न सोडून देऊं. परंतु सोबत बसणाऱ्या मुलांस त्यानें गुरूच्या बरोबरीचा वाटा दिला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आमच्या शाळांनीं पहिला चतुर्थांश तेवढा आपल्या माथीं घेतला, दुसरा मुलाच्या दैवावर सोडला आणि तिसरा तर गुन्ह्यांत जमा केला. शेजारच्या मुलाशीं बोलणें म्हणजे गडबड आणि त्याच्या वहींत डोकावणें म्हणजे चोरी, हीच समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

अलीकडे मात्र वारें फिरलें आहे. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २०१५ सालीं महाराष्ट्रांत सुरू झालेला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आणि २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या सर्वांनीं थोड्याफार फरकानें एकच सूर लावला आहे : मुलानें ज्ञान नुसतें घेऊं नये, तें घडवावें, आणि एकट्यानें नव्हे, तर इतरांच्या संगतींत घडवावें. ‘ज्ञानरचनावाद’, ‘गटकार्य’, ‘सहाध्यायी-शिक्षण’ हे शब्द आतां शिक्षकांच्या तोंडीं चांगले रुळले आहेत. परंतु शब्द रुळला म्हणून कल्पनाहि रुजली, असें समजण्याचें कारण नाहीं. यास्तव प्रस्तुत लेखांत या कल्पनेच्या एकाच अंगाचें परीक्षण करण्याचा आमचा हेतु आहे. शब्द शिकण्याच्या कामीं वर्गबंधूचा उपयोग किती, आणि तो कोणत्या अटीवर, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतों.

साहित्यविषयक मासिकांत या शाळकरी प्रश्नास जागा कां द्यावी, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, रसग्रहणाचा सारा डोलारा शब्दज्ञानाच्या पायावर उभा असतो. जुन्या मराठी गद्याचें एक पान वाचतांना पांच ठिकाणीं अडखळणारा तरुण सहाव्या ठिकाणीं पुस्तक मिटतो. टीकाकारानें त्या पुस्तकाच्या सौंदर्याविषयीं कितीहि लिहिलें, तरी तें या तरुणापर्यंत पोंचत नाहीं. वाचक घडतो तो प्रथम शाळेच्या बाकावर. म्हणून तेथें शब्दांचें काय होतें हें पाहणें टीकाकाराच्या अधिकाराबाहेरचें खास नव्हे.

शब्द शिकविण्याची रूढ रीत सर्वांस ठाऊक आहे. धड्याच्या शेवटीं शब्दार्थ दिलेले असतात; डावीकडे अनोळखी शब्द, उजवीकडे ओळखीचा. मुलगा ती यादी वहींत उतरवून घेतो, पाठ करतो, परीक्षेंत लिहितो आणि पुढच्या इयत्तेंत गेल्यावर विसरतो. विसरतो हें एका परीनें बरेंच म्हणावयाचें. कारण ती लक्षांत राहिली तर काय होतें तें पाहा. ‘कृश म्हणजे बारीक’ एवढेंच शिकलेल्या मुलानें ‘आईनें कांदा कृश चिरला’ असें वाक्य केलें, तर त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा? ‘निबिड म्हणजे दाट’ असें ज्याला सांगितलें, त्याच्या घरचें वरण एखादे दिवशीं निबिड होणारच. ‘ओशाळणें म्हणजे लाजणें’ असें लिहून घेतलेली मुलगी बोहल्यावरच्या नवरीला खुशाल ओशाळायला लावील. आपली चूक किंवा उणीव उघडी पडल्यावांचून माणूस ओशाळत नाहीं, ही त्या शब्दांतली गोम तिला यादीनें सांगितलेलीच नसते.

हा दोष मराठीपुरता नाहीं. अमेरिकेंतील जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डी यांनीं मुलें शब्द कसे शिकतात याविषयीं १९८७ सालीं लिहिलेल्या एका लेखांत इंग्रजी मुलांचीं अशींच वाक्यें दिलीं आहेत. ‘इरोड’ म्हणजे झिजविणें, पोखरून काढणें. मुलांच्या कोशांत त्यापुढें ‘ईट आउट’ असेहि शब्द होते. आणि घरगुती बोलण्यांत ‘ईट आउट’ म्हणजे बाहेर जाऊन जेवणें. तेव्हां एका मुलानें आपलें कुटुंब पुष्कळदां ‘इरोड’ करतें, असें लिहून दिलें. आपल्याला हंसूं येतें. पण त्या मुलानें केलें तें यादीनें शिकविलें तेंच. ओळखीचा शब्द उचलून त्याच्या जागीं त्यानें अनोळखी शब्द बसविला. प्रतिशब्द हा शेजारच्या शेतांत उभें राहून दाखविलेल्या बोटासारखा असतो. शेत कोणत्या बाजूस आहे हें त्यावरून कळतें. त्याचा बांध कोठें संपतो हें मात्र स्वतः फिरून पाहिल्याशिवाय कळत नाहीं.

आमच्या जुन्या शास्त्रकारांस ही गोष्ट चांगली अवगत होती. शब्दाचा अर्थाशीं असलेला संबंध कळण्याचीं आठ साधनें नैयायिक सांगतात : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृति आणि ओळखीच्या पदाचें सान्निध्य. शाळेनें सर्वस्व मानलेला कोश हा त्या आठांपैकीं एक आहे. व्यवहारावरून शब्द कसा कळतो याचा मीमांसकांनीं दिलेला दृष्टांत तर फार मार्मिक आहे. एक वडील माणूस दुसऱ्या मोठ्या माणसास गाय आणावयास सांगतो आणि तो गाय घेऊन येतो. जवळ बसलेलें मूल हें ऐकतें आणि पाहतें. पुढें ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ अशीं वाक्यें त्याच्या कानीं पडतात. वाक्यांतून कोणता शब्द गेला, कोणता आला आणि त्याबरोबर समोरच्या दृश्यांत काय पालटलें, हें ताडतां ताडतां तें गायीचा शब्द वेगळा काढतें आणि आणण्याचा वेगळा. या काढण्याघालण्यालाच शास्त्रांत आवापोद्वाप असें नांव आहे.

या दृष्टांतांत लक्षांत ठेवण्यासारख्या गोष्टी दोन. त्यांत मुलाला मुद्दाम शिकविणारा कोणी नाहीं. आणि शब्द आहे तो दोन माणसांच्या मध्यें, त्यांच्यांत कांहीं काम चाललेलें असतांना. आतां आमचा वर्ग घ्या. तेथें एक जण बोलतो आणि चाळीस जण ऐकतात. गाय कोणाला नको असते, म्हणून ती कोणी आणीतहि नाहीं. शब्द आहेत, अर्थ आहेत, पण व्यवहार नाहीं. सहाध्यायी-शिक्षणाकडे आम्ही आशेनें पाहतों तें याच कारणासाठीं : चाळीस मुलांच्या वर्गांत शब्दाचा व्यवहार उत्पन्न करावयाचा तर तो मुलामुलांतच उत्पन्न करावा लागेल.

परंतु मुलानें मुलास शिकविलें म्हणजे व्यवहार झाला, असें मानण्याची घाई करूं नये. इतिहास या बाबतींत सावध करणारा आहे. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रास येथें एगमोरच्या लष्करी अनाथ बालकाश्रमाची देखरेख पाहत होता. जवळच्या एका देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवीत आहेत असें त्यानें पाहिलें. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांनीं ही रीत उचलण्याची टाळाटाळ केली, तेव्हां त्यानें आठ वर्षांच्या एका मुलाच्या हातीं मुळाक्षरांचा वर्ग सोपविला आणि तो प्रयोग साधला. मायदेशीं परतल्यावर १७९७ सालीं त्यानें त्याची हकीकत प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षीं जोसेफ लँकेस्टर यानें लंडनच्या सदर्क भागांत गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढून हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालविली. थोरल्या मुलानें धाकट्यास अक्षरें, पाढे व शुद्धलेखन घोकवावें, आणि एका शिक्षकानें शेंकडों मुलांवर नजर ठेवावी, असा तो बेत होता. यांत आम्हां मराठी लोकांस नवलाचें कांहींच नव्हतें. पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीपाशीं बसलेल्या धाकट्याचा हात धरून गिरवून घेणारा थोरला विद्यार्थीच असे.

या पद्धतीची त्या काळीं जी वाहवा झाली, ती मुख्यतः तिच्या स्वस्ताईबद्दल. मुळाक्षरें आणि पाढे यांच्यापुरती ती चाललीहि; कारण ‘क’ कसा काढावा याविषयीं दोन मुलांत वाद होण्याचें कारण नसतें. अर्थाचें तसें नाहीं. थोरल्या मुलानें वरून आलेला अर्थ खालीं पोंचवावा आणि धाकट्यानें तो म्हणून दाखवावा, यांत दोघांपैकीं एकालाहि विचार करावा लागत नाहीं. नळांतून गांवभर पाणी जातें म्हणून नळाची तहान भागत नाहीं. १८४६ पासून इंग्लंडांतहि या पद्धतीच्या जागीं वेतन घेऊन उमेदवारी करणारे विद्यार्थी-शिक्षक येऊं लागले, आणि तिचा बहर ओसरला. आमच्या मतें तिचा दोष मूल शिकवीत होतें हा नव्हता. त्या मुलाला शिकविण्याजोगें स्वतःचें कांहीं नव्हतें, आणि ऐकणाऱ्याला विचारण्याची मुभा नव्हती, हा होता.

हा दोष कोठें आहे हें नेमकें दाखविणारा विचारवंत रशियांत झाला. लेव्ह विगोत्स्की १९३४ सालीं वयाच्या सदतिसाव्या वर्षीं वारला, आणि त्याच वर्षीं त्याचा विचार व भाषा यांच्या संबंधावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुलानें शब्द प्रथम उच्चारला म्हणजे त्याच्या अर्थाची वाढ संपत नाहीं, ती तेथें कोठें सुरू होते, हें त्याचें मुख्य प्रतिपादन. त्याचें एक उदाहरण फार बोलकें आहे. शाळकरी मुलास आर्किमिडीजचा सिद्धांत विचारा, तो बरा सांगेल. ‘भाऊ म्हणजे कोण’ असें विचारा, तर तो घोटाळेल. घरीं दोन भाऊ असून, त्यांच्याशीं रोज भांडत असूनहि घोटाळेल. अनुभवांतला शब्द त्याच्या अंगवळणीं पडलेला असतो, पण त्याची व्याख्या त्याला करतां येत नाहीं. शाळेंतल्या शब्दाची व्याख्या तोंडपाठ असते, पण तिच्या पोटांत अनुभव नसतो. एक शब्द खालून वर चढतो, दुसरा वरून खालीं उतरतो, आणि दोघांची गांठ पडेल तेथें ज्ञान पक्कें होतें.

याच विचारवंतानें असेंहि सांगितलें कीं, मूल आज जें एकट्यानें करूं शकत नाहीं, तें मोठ्या माणसाच्या किंवा अधिक जाणत्या सोबत्याच्या मदतीनें करूं शकतें, आणि उद्यां एकट्यानें करूं लागतें. शिक्षणावरील पुस्तकांत हें वाक्य आतां इतक्या वेळां येतें कीं, त्यांतला ‘अधिक जाणता’ हा शब्द कोणी तपासून पाहत नाहीं. वर्गांतल्या पहिल्या पांच मुलांस ‘जाणते’ ठरवून त्यांच्यापुढें बाकीच्यांस बसविलें म्हणजे आपण विगोत्स्कीस अनुसरलों, असें समजणारे प्रत्यक्षांत लँकेस्टरच्या शाळेंत परत जातात. शब्दांच्या बाबतींत जाणतेपण कोणा एकाच्या घरीं कायमचें मुक्कामाला नसतें. ‘आर्द्रता’ हा शब्द जाणणारा एक मुलगा, आणि ओल्या मातींत पाय घालून ती जाणणारा दुसरा. प्रत्येकापाशीं निम्मा शब्द आहे. तेव्हां कोणीं कोणास शिकवावें, या प्रश्नाचें उत्तर शब्दागणिक पालटलें पाहिजे.

तें कसें पालटावें याचा नमुना अमेरिकेंत पाहावयास मिळतो. १९७१ सालीं टेक्सास संस्थानांतील ऑस्टिन शहरीं गोऱ्या, काळ्या आणि मूळ मेक्सिकन कुळांतल्या मुलांस प्रथमच एका वर्गांत बसविण्यांत आलें, आणि शाळांत मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला उपाय सुचविण्यासाठीं बोलाविलें. वर्ग पाहून त्याच्या ध्यानांत आलें कीं, तेथें सारी चढाओढच चालते : शिक्षक प्रश्न टाकतो, हात वर होतात, एक जिंकतो आणि बाकीचे त्याच्या चुकीची वाट पाहतात. त्यानें सहा-सहा मुलांचे गट केले. वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर याच्या चरित्राचे सहा भाग पाडून प्रत्येकास एकेक भाग दिला. परीक्षा मात्र सबंध चरित्राची. आतां दुसऱ्याचा भाग कळावयाचा तर त्याच्याच तोंडून कळणार, दुसरी वाट नाहीं.

एका गटांत इंग्रजी अडखळत बोलणारा एक मेक्सिकन मुलगा होता. तो बोलतां बोलतां थांबला, तशी सोबत्यांनीं त्याची टिंगल आरंभिली. देखरेख करणाऱ्यानें त्यांना नीतिपाठ दिला नाहीं. हा भाग तुम्हांपैकीं फक्त याच्यापाशीं आहे आणि परीक्षा जवळ आली आहे, एवढीच आठवण करून दिली. थोड्याच दिवसांत तीं मुलें त्याला नीट प्रश्न विचारावयास शिकलीं, आणि नीट प्रश्न येऊं लागल्यावर तो नीट बोलूंहि लागला. ॲरन्सनचा हेतु मुलामुलांतलें वैर घालविण्याचा होता, शब्दसंपत्ति वाढविण्याचा नव्हता. तेव्हां त्याच्या यशावरून शब्दशिक्षणाविषयीं वाटेल तें अनुमान काढणें योग्य होणार नाहीं. परंतु मद्रासच्या प्रयोगांत जें नव्हतें, तें येथें आहे. सांगणाऱ्यापाशीं दुसऱ्याजवळ नसलेलें कांहीं आहे, आणि ऐकणाऱ्याला त्याची गरज आहे. मीमांसकांच्या दृष्टांतांतली गाय येथें खरोखरीच कोणाला तरी हवी आहे.

या कसोटीवर आमचे आजचे वर्ग घासून पाहिले म्हणजे काय दिसतें? ‘गटकार्य’ या नांवाखालीं पुष्कळ ठिकाणीं पांच-सहा मुलें गोल बसवितात; शब्दांची यादी देतात; वळणदार अक्षराची एक मुलगी मार्गदर्शक पुस्तकांतून अर्थ उतरवून काढते; बाकीचीं मुलें तिच्याकडे किंवा खिडकीबाहेर पाहत बसतात; आणि शेवटीं तो कागद पाहुण्यांस दिसेल अशा जागीं भिंतीवर लागतो. हीच ती जुनी यादी. फक्त बाकांच्या ओळी जाऊन वर्तुळ आलें. अशा गटकार्यापेक्षां एकट्या शिक्षकानें गोष्ट रंगवून सांगितलेली आम्ही केव्हांहि पत्करूं.

त्याऐवजीं असें समजा कीं, सहावीच्या वर्गांत पावसाळ्याच्या आरंभाचा एक उतारा आहे आणि त्यांत ‘आगोट’, ‘वाफसा’, ‘निबिड’ व ‘ओशाळणें’ असे चार शब्द आले आहेत. चौघांच्या प्रत्येक गटांत एकेकास एकेक शब्द द्यावा. त्यासोबत प्रतिशब्द न देतां, तो शब्द ज्यांत आला आहे अशीं तीन-चार वाक्यें द्यावीं. एकच शब्द मिळालेल्या निरनिराळ्या गटांतल्या मुलांनीं प्रथम एकत्र बसून त्याचा कीस काढावा, आणि मग आपापल्या गटांत परत येऊन तो समजावून द्यावा. ऐकणाऱ्यांनीं त्यावर स्वतःचीं वाक्यें करावीं; तीं जमलीं कीं नाहीं, आणि नसल्यास कां, हें शब्दाच्या धन्यानें सांगावें. कोश उघडावा तो सर्वांत शेवटीं.

‘वाफसा’ हा शब्द ज्याच्या वांट्यास आला त्याचें काय होईल तें पाहूं. तो प्रथम म्हणेल, ‘पाऊस पडून गेल्यावर जमिनींत ओल असते ना, तो वाफसा.’ लागलीच कोणी विचारील, ‘म्हणजे चिखलच कीं!’ ‘छे रे, चिखल असला तर वाफसा नाहीं म्हणतात.’ ‘मग कोरडी माती?’ ‘तसेंहि नाहीं.’ आतां तो अडला. घरीं हा शब्द त्यानें शंभरदां ऐकला आहे, पण त्याचा बांध त्यानें कधीं फिरून पाहिला नव्हता. तो आठवूं लागतो. ‘माती मुठींत दाबली तर गोळा होतो, पण खालीं टाकला कीं फुटतो, औताला चिकटत नाहीं, तेव्हां पेरणी करतात.’ ‘मग आमची गादी दमट झाली, तर गादीला वाफसा आला म्हणूं का?’ सगळीं मुलें हंसतात. हा प्रश्न आगाऊपणाचा खरा, पण सबंध तासांतला सर्वांत मोलाचा तोच. कारण शब्दाची सीमा त्यानेंच उघड केली. ओल पुष्कळ ठिकाणीं असते, वाफसा जमिनीलाच येतो. या मुलांनीं मिळविलेला अर्थ कोणतीहि यादी एका प्रतिशब्दांत देऊं शकली नसती.

आणि येथें शब्दाहून मोठी अशी एक गोष्ट पणाला लागलेली आहे. हा अर्थ ज्यानें सांगितला, तें मूल बहुधा शेतकऱ्याचें किंवा शेतमजुराचें असतें. आपली बोली अशुद्ध आहे एवढेंच वर्षभर तें वर्गांत ऐकत असतें. खानदेशांत घरीं अहिराणी, नंदुरबारकडे पावरी, मेळघाटांत कोरकू, गडचिरोलींत गोंडी बोलणारीं मुलें मराठी शाळेंत येतात. त्यांना शब्दार्थांची यादी ही दुहेरी भिंत होते. डावीकडचा शब्द तर अनोळखी असतोच, पण उजवीकडचाहि ओळखीचा नसतो. अर्थ वरून खालीं येणार असा जेथें नेम आहे, तेथें हें मूल जन्मभर घेणारेंच राहणार. वांटून दिलेल्या शब्दांच्या वर्गांत तें एखादे वेळीं देणारें होतें. उलट, शहरांतलें पांढरपेशा घरांतलें मूल, ज्याला आपण शब्दसंपन्न समजतों, त्याला पाभर, कणगी, आगोट हे शब्द ठाऊक नसतात. आणि मग ग्रामीण जीवनावरची चांगली कादंबरी त्याला परभाषेसारखी वाटते. दारिद्र्य दोन्हीकडे आहे, निराळ्या जातीचें इतकेंच. एकाची उणीव दुसऱ्याच्या संचयांतून भरून निघावी अशी सोय एका वर्गांत आयती असतां, आपण दोघांनाहि एकच यादी पाठ करावयास लावतों.

या पद्धतीवर आक्षेप येतील, आणि ते सगळेच पोकळ नाहींत. पहिला आक्षेप असा कीं, आंधळ्यानें आंधळ्याचा हात धरावा तसा हा प्रकार होईल. मुलानें चुकीचा अर्थ सांगितला तर तोच सगळीकडे पसरेल. ही भीति खरी आहे. म्हणून तर कोश शेवटीं उघडावयाचा, टाकून द्यावयाचा नाहीं. तर्क करून, वाद घालून मग कोश पाहणारा मुलगा त्यांतल्या अर्थाला भिडतो. कारण आपण जिंकलों कीं हरलों हें त्याला पाहावयाचें असतें. आणि कोश तरी कसा झाला? १८२९ चा पंडितांचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ अनेक शास्त्र्यांनीं मिळून केला. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, त्याची १८५७ ची वाढविलेली आवृत्ति, आणि १९३२ पासून १९३८ पर्यंत सात विभागांत निघालेला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, यांपैकीं कोणताहि ग्रंथ एकट्यानें खोलींत बसून लिहिलेला नाहीं. शब्द कोण, कोठें, कोणत्या अर्थीं वापरतो, हें माणसांनीं माणसांस विचारून ते झाले. आपण मुलापुढें शिजलेलें अन्न तेवढें ठेवतों आणि त्याला स्वयंपाकघरांत डोकावूं देत नाहीं.

दुसरा आक्षेप वेळेचा. यादीनें एका तासांत वीस शब्द उरकतात, या रीतीनें चार. हेंहि खरें आहे. परंतु वर्गांत शिकविलेल्या शब्दांच्या संख्येनें कोणीहि शब्दसंपन्न होत नाहीं. नॅजी, हर्मन आणि अँडरसन या अमेरिकन संशोधकांनीं १९८५ सालीं दाखविलें कीं, वाचतांना एकदां भेटलेला शब्द संदर्भावरून पुरता कळण्याचा संभव थोडाच असतो; तरीसुद्धां मूल पुष्कळ वाचीत असेल तर अशा थोड्याथोड्या लाभांची बेरीज कोणत्याहि शिकवणुकीहून मोठी होते. तेव्हां वर्गाचें काम हजारों शब्द भरण्याचें नाहीं. अनोळखी शब्द दिसला असतां त्याला वळसा न घालतां त्याच्यापाशीं थांबावें, आजूबाजूचें वाक्य चांचपून पाहावें, जाणत्यास विचारावें, ही संवय लावण्याचें आहे. ती चार शब्दांवरहि लागते. वीस शब्दांच्या यादीनें ती मोडते.

तिसरी मर्यादा आम्ही स्वतःच सांगतों. कांहीं शब्द असे असतात कीं, वर्गांत कोणापाशींच त्यांचा अनुभव नसतो. व्याकरणाच्या, विज्ञानाच्या संज्ञा, जुन्या काव्यांतले कित्येक संस्कृत शब्द या जातीचे होत. त्यांच्यावर मुलांना झुंजवीत ठेवणें म्हणजे कोरड्या विहिरींत मोट सोडणें आहे. तेथें शिक्षकानें सरळ सांगावें, उदाहरणें द्यावीं आणि पुढें जावें. कोणता शब्द मुलांच्या हवालीं करावा व कोणता आपल्याकडे ठेवावा, कोणास कोणता द्यावा, वाद कोठें चालूं द्यावा व कोठें थांबवावा, या गोष्टी ओळखण्यास तयार शिक्षकच लागतो. सहाध्यायी-शिक्षण हें शिक्षकाची संख्या किंवा योग्यता कमी करण्याचें साधन आहे, असें जर कोणा व्यवस्थापकास वाटूं लागलें, तर तो लँकेस्टरचीच चूक दोनशें वर्षांनंतर पुन्हां करील. बोलणारा शिक्षक गप्प बसला म्हणजे त्याचें काम हलकें झालें असें नव्हे; चाळीस मुलांचें बोलणें कान देऊन ऐकणें हें बोलण्यापेक्षां अवघड आहे.

शेवटीं पालकांस एक सुचवावेंसें वाटतें. मूल शाळेंतून आल्यावर ‘आज किती शब्दार्थ लिहून दिले?’ असें आपण विचारतों आणि वही पाहून समाधान मानतों. त्याऐवजीं ‘आज कोणता शब्द तूं कोणाला समजावून दिलास, आणि त्याला तो पटला का?’ असें विचारून पाहावें. पहिले कांहीं दिवस उत्तर मिळणार नाहीं. कारण शाळेंत तसें कांहीं घडतच नसेल. आणि घरींहि आपण मुलाशीं ज्या चारदोनशें शब्दांत व्यवहार उरकतों, त्यांत समजावून देण्याजोगा शब्द क्वचितच असतो. सुभाषितकारानें चौथा वाटा काळाकडे ठेवला आहे. पण काळ तरी आपण त्याच्याजवळ जें ठेवलें त्याचीच वाढ करून देतो. वाफसा हा शब्द मित्राला समजावतांना जो मुलगा एकदां अडला, त्याला तो पुढें एखाद्या कादंबरींत, बातमींत किंवा बापाच्या तोंडीं पुन्हां भेटेल, आणि प्रत्येक वेळीं थोडा अधिक कळेल. ज्यानें तो नुसता वहींत उतरवून घेतला, त्याला तो पुन्हां भेटला तरी ओळख पटण्याची आशा थोडीच.